हळकुंड मोडून बघणाऱ्यावर राग कशाला?

सुपरहिरोच्या एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग जवळ आला की प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी सांगली-मिरजेच्या कॉलेजांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद हमखास पेटतो. अमेरिकेतल्या समीक्षकांनी चित्रपट आधीच पाहिलेला असतो, त्यांचं लिखाण ठरल्या घटकेला एकदम बाहेर पडतं, आणि त्यातली दहा-बारा मतं नाराजीची निघाली की भांडणाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, समीक्षक विकले गेलेत, यांचा आमच्या हिरोवर पहिल्यापासून डूख आहे, आधी बघू द्या मग बोला. दुसरी बाजू म्हणते, या पोरांना उडणारी माणसं आणि कोसळणाऱ्या इमारती दाखवल्या की पुरतं, यांच्याशी सिनेमाविषयी काय बोलायचं! यात खटकतं ते हे, की दोन्हीकडच्या कुणीही अजून चित्रपट पाहिलेला नसतो, आणि ज्या परीक्षणांवरून एवढं रण माजतं त्यातलं एकही बहुतेकांनी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. वाचलेला असतो तो फक्त परीक्षणांची मोजदाद करणाऱ्या संकेतस्थळावरचा टक्का.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रदर्शनाआधी आलेलं कडक परीक्षण चाहत्याच्याच बाजूचं असतं. पुढच्या भागाच्या बाबतीत तर त्याची जेवढी गरज चाहत्याला असते तेवढी दुसऱ्या कुणालाच नसते. ज्याला त्या हिरोशी देणंघेणं नाही तो एरवीही थिएटरकडे फिरकणार नाही. जाणार तो चाहताच, पहिल्या दिवशी जाणार, चार मित्रांना घेऊन जाणार आणि आयमॅक्सवर बघायचा म्हणून वेळ पडली तर पुण्याची गाडी धरणार. पुढचा भाग त्याला विकला जातो तो पहिल्या भागानं कमावलेली पत दाखवून. ट्रेलर, पोस्टर, नटांच्या मुलाखती हे सगळं विकणाऱ्याच्या घरातून येतं. पैसे खिशातून जाण्याआधी तो माल डोळ्यांनी पाहून आलेला आणि विकणाऱ्याचा मिंधा नसलेला माणूस एकच, तो म्हणजे समीक्षक. त्याच्यावरच धावून जायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा ज्यानं पाहिलाय त्याला हे उलगडून सांगायची गरज नाही. शिजवलेली, वाळवलेली, ड्रममध्ये फिरवून पॉलिश केलेली हळद वरून सगळीच देखणी दिसते. म्हणून खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर हळकुंडं बाहेर काढतो आणि त्यातलं एक मोडतो. वाळवण नीट झालं असेल तर ते खणकन मोडतं. ओल राहिली असेल तर वाकतं, चिवट लागतं. मोडलेल्या जागी गाभ्याचा रंग दिसतो, वास कळतो, आतून कीड लागली असेल तर तीही दिसते. शेतकरी भावावरून घासाघीस करील, पण ‘माझं हळकुंड मोडलंस कशाला’ म्हणून भांडत नाही, कारण न मोडता घेतलेल्या मालावर बाजार चालत नाही. ट्रेलर हे पॉलिश आहे. सगळ्या चित्रपटातले झगझगीत तुकडे वेचून केलेली ती दोन-अडीच मिनिटं असतात. समीक्षक हळकुंड मोडतो. त्याचं नाक बसलेलं असू शकतं, तो दुसऱ्या अडत्याचा माणूस असू शकतो, त्यानं नेमकं किडकंच हळकुंड उचललेलं असू शकतं. या शंका रास्त आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येतोच. पण मोडूच नका, ही मागणी घेणाऱ्याच्या हिताची कधीच नसते.

आधी हा माल बाहेर कसा येतो ते पाहू, कारण चाहत्यांचा निम्मा राग चुकीच्या पत्त्यावर जातो तो इथेच. मोठा स्टुडिओ समीक्षकांना चित्रपट दाखवतो तो अट घालून. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही. याला एम्बार्गो म्हणतात, आणि मोठ्या चित्रपटांना तो बहुधा दोन टप्प्यांत असतो. पहिला समाजमाध्यमांवरच्या चार ओळींसाठी. तो प्रीमियरच्या रात्री किंवा एक-दोन दिवसांत उठतो. प्रीमियरला बोलावणी जातात त्यांत त्या हिरोवर जीव टाकणारे यूट्यूबवाले आणि इन्फ्लुएन्सर भरपूर असतात. लाल गालिचा, समोर खुद्द नटमंडळी, भारलेलं वातावरण. साहजिकच पहिली लाट ‘आजवरचा सर्वोत्तम’ अशीच येते. दुसरा टप्पा पूर्ण परीक्षणांचा. तो प्रदर्शनाच्या दोन-चार दिवस आधी उठतो, कधी अगदी आदल्या दिवशी, आणि तो जितका उशिरा तितकी स्टुडिओलाच आपल्या मालाची धाकधूक असण्याची शक्यता जास्त. ही अट न्यूयॉर्कच्या दुपारी १२ वाजता उठली, तर उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. जेवणं आटोपून मोबाइल हातात घ्यायची वेळ. आठवडाभर पहिल्या लाटेवर चढून बसलेला चाहता त्या रात्री दाणकन खाली येतो आणि त्याला वाटतं, समीक्षकांनी रंग बदलला. रंग कुणीच बदललेला नसतो. आधी एक माणसं बोलली, नंतर दुसरी बोलली, आणि कुणी केव्हा बोलायचं याचं वेळापत्रक विकणाऱ्यानं आखलं होतं. २०२३ सालच्या ‘द फ्लॅश’चं हेच झालं. प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधीपासून हा आजवरच्या उत्तम सुपरहिरोपटांपैकी एक, अशी हवा स्टुडिओच्या वरिष्ठांनीच केली. परीक्षणं आली ती मिश्र, आणि प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. चाहत्याला त्यात फसवलं कुणी? हवा करणाऱ्यानं, की हवा काढणाऱ्यानं? आणि आगाऊ बुकिंगचं बघा. मोठ्या चित्रपटाचं बुकिंग अनेकदा परीक्षणं यायच्या आधीच उघडतं. तिकीट परत करता येईलच याची खात्री नाही. रागवायला जागा आहे ती ही.

आता त्या टक्क्याकडे. रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ साली सुरू झालं, आणि आजही त्याचा टक्का म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण असं कितीतरी जण समजतात. तो गुण नव्हेच. एकंदरीत ‘बघण्यासारखा आहे’ म्हणणारे समीक्षक शंभरात किती, एवढंच तो सांगतो. मातीवरच्या निकाली कुस्तीत पाठ लागली की नाही एवढंच बघतात, तसं प्रत्येक परीक्षण इकडे किंवा तिकडे टाकलं जातं. जोड किती तोलामोलाची होती, कुणी कुणाला किती वेळ झुंजवलं, याची नोंद राहत नाही. दहा समीक्षकांनी दहापैकी सहा-सहा गुण दिले, म्हणजे सगळ्यांना चित्रपट जेमतेम बरा वाटला, तर टक्का १००. पाच जणांनी नऊ-नऊ दिले आणि पाच जणांनी पाच-पाच, म्हणजे सरासरी सात आणि निम्म्यांना तो अप्रतिम वाटला, तर टक्का ५०. नवं काही करू पाहणारा, बघणाऱ्यांत दोन तट पाडणारा चित्रपट या हिशेबात मार खातो आणि कुणालाच न दुखवणारा गुळगुळीत चित्रपट वर बसतो. ६०च्या रेघेवर लाल टोमॅटो, खाली हिरवा चिखल. ५९ आणि ६० यांच्यात शंभरात एका माणसाचा फरक, पण त्यावरून रात्री दोन-दोनपर्यंत शिवीगाळ चालते.

पहिल्या रात्रीचा टक्का तर आणखी डळमळीत. पहिल्या तासात ४० परीक्षणं आली असतील तर पाच जणांच्या मतानं टक्का साडेबारांनी इकडचा तिकडे होतो. मोठ्या चित्रपटाची परीक्षणं अखेरीस तीनशे-चारशेच्या घरात जातात. तिथे तेच पाच जण जेमतेम दीड टक्का हलवतात. म्हणून पहिल्या रात्री आकडा बघायचाच असेल तर किती परीक्षणांवरचा आहे ते आधी बघावं, मग सरासरी गुण बघावेत. रॉटन टोमॅटोजवर ते वेगळे दिलेले असतात, आणि मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ तर वजन देऊन काढलेली सरासरीच देतं. त्यानंतर नाराज समीक्षकांपैकी तिघांचं लिखाण पूर्ण वाचावं. तिघांनी तीन वेगळ्या तक्रारी केल्या असतील तर तो आवडीनिवडीचा भाग समजायला हरकत नाही. तिघांनीही एकमेकांना न विचारता एकाच जागी बोट ठेवलं असेल, म्हणजे खलनायकाला कारणच नाही, किंवा शेवटचा अर्धा तास संगणकावर घाईनं उरकलाय, तर तिथे काहीतरी नक्की किडलंय. प्रेक्षकांच्या आकड्यांनाही हीच काळजी लागते. प्रेक्षक एक ते दहा गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर सुपरहिरोपटाच्या मतांची उतरंड उघडून पाहा. दहाला गर्दी, एकला गर्दी. दोन्ही टोकांना बरेचसे भांडायला आलेले असतात. सहा, सात, आठ देणारे चित्रपट बघून आलेले असतात. २०१९ साली रॉटन टोमॅटोजला प्रदर्शनाआधी प्रतिक्रिया लिहिण्याची सोयच काढून टाकावी लागली आणि तिकीट घेतल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मतं वेगळी दाखवावी लागली. न पाहता मत देणाऱ्यांचा उपद्रव तिथवर गेला होता.

चाहत्यांचा सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. २००१ साली उघडकीला आलं की सोनीच्या जाहिरातींत ज्याची स्तुतिपर वाक्यं झळकत होती तो डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. कंपनीच्या जाहिरात विभागानंच तो जन्माला घातला होता. २०२३ साली एका प्रसिद्धी संस्थेनं छोट्या समीक्षकांना पैसे देऊन रॉटन टोमॅटोजवरचा टक्का वर ढकलल्याचं बाहेर आलं. आपल्याकडे उलटा प्रकारही सांगितला जातो. पैसे दिले नाहीत तर पहिल्या शोनंतर चित्रपट झोडपला जातो अशी केरळातल्या चित्रपटवाल्यांची तक्रार, आणि ठरवून बदनामी करण्याचं हे प्रकरण २०२३मध्ये तिथल्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. खंडणी ही खंडणीच, ती कॅमेरा लावून मागितली म्हणून तिला समीक्षा म्हणता येणार नाही. हे सगळं मान्य करून एक गोष्ट विचारतो. मॅनिंग काय लिहीत होता? स्तुती. त्या प्रसिद्धी संस्थेनं काय विकत घेतलं? स्तुती. कोट्यवधी डॉलर ज्याचे अडकलेत त्याला स्तुतीची गरज असते आणि ती विकत घ्यायची ऐपतही त्याच्याकडेच असते. मग एखाद्या पुढच्या भागावर देशोदेशींचे शे-दीडशे समीक्षक एकाच आठवड्यात नाराज होतात, तेव्हा ती नाराजी विकत कुणी घेतली म्हणायची? प्रतिस्पर्ध्यानं? सुपरहिरोपटांवरून प्रेक्षकांचं मन उडालं तर उद्या त्याचाही गल्ला बसतो. पैशाचा संशय धरायचाच असेल तर तो आधी पहिल्या लाटेतल्या ‘सर्वोत्तम’वर धरावा. नाराजीवर धरायला त्याहून ठोस काहीतरी हातात हवं.

कटाच्या आरोपाचं तर इतिहासानंच दोनदा हसू केलंय. ‘द डार्क नाइट राइजेस’ २० जुलै २०१२ला लागायचा होता. त्याआधी काही दिवस मोजक्या समीक्षकांनी नापसंती लिहिली आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या. शेवटी रॉटन टोमॅटोजनं त्या चित्रपटाखालच्या प्रतिक्रियाच बंद केल्या. धमक्या देणाऱ्या सर्वसामान्य चाहत्यांच्या शहरात चित्रपट अजून लागलाही नव्हता. पुढे त्या चित्रपटाला दहांतल्या आठांहून जास्त समीक्षकांनी पसंती दिली आणि जगभरात त्यानं १०० कोटी डॉलरवर गल्ला केला. मग त्या धमक्यांनी राखलं ते काय? चार वर्षांनी, ऑगस्ट २०१६मध्ये, ‘सुसाइड स्क्वॉड’ची परीक्षणं वाईट आली, तेव्हा रॉटन टोमॅटोज बंदच करा असा ऑनलाइन अर्ज निघाला आणि हजारोंनी सह्या केल्या. तक्रार ही, की तिथे डीसीच्या, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या कंपनीच्या, चित्रपटांवर अन्याय होतो. वस्तुस्थिती काय होती? २०११ पासून २०१६च्या सुरुवातीपर्यंत ते संकेतस्थळ वॉर्नर ब्रदर्सच्याच मालकीचं होतं, म्हणजे डीसीचे चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओच्याच. पुढे ते फँडँगो या तिकिटं विकणाऱ्या कंपनीकडे गेलं, तेव्हा त्या कंपनीत वॉर्नरचा ३० टक्के हिस्सा राहिला. स्वतःच्या घरात बसून स्वतःच्याच चित्रपटांविरुद्ध कोण कट करील? विचारायचा प्रश्न नेमका दुसऱ्या टोकाचा होता. तिकिटं विकणाऱ्या दुकानानंच मालाची प्रतवारी लावावी का? हा प्रश्न आजही उभा आहे, आणि सह्या करणाऱ्या एकालाही तो सुचला नसावा याचं मला वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप मला मनापासून पटतो. समीक्षक सकाळच्या वेळी अर्ध्या रिकाम्या दालनात वही घेऊन बसतो, चाहता शिट्ट्यांच्या गजरात. तमाशाचा फड कनातीबाहेरून ऐकला तर ढोलकी ऐकू येईल, पण गण-गवळणीत माणसं कशी रंगलीत ते कळणार नाही. सुपरहिरोपटात हिरोच्या पहिल्या प्रवेशाला थिएटर दणाणतं, तो क्षण चित्रपटाचाच भाग असतो, आणि कितीतरी परीक्षणांत त्याचा पत्ता नसतो. पण म्हणून गर्दी आणि समीक्षक नेहमी एकमेकांच्या विरुद्धच असतात का? अमेरिकेत १९७९ पासून सिनेमास्कोअर नावाची पाहणी होते. पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात कार्ड देऊन श्रेणी विचारतात, ए प्लसपासून एफपर्यंत. पहिल्या रात्री चाहतेच असतात, त्यामुळे श्रेण्या चढ्याच येतात आणि नुसता बी सुद्धा अशा चित्रपटाला धोक्याची घंटा समजतात. मार्च २०१६मध्ये ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला समीक्षकांनी झोडपलं, चाहत्यांनी समीक्षकांना झोडपलं. चाहत्यांच्या जोरावर पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत साडेसोळा कोटी डॉलरवर गल्ला आला. श्रेणी आली बी, आणि पुढच्या शनिवार-रविवारी गल्ला ६९ टक्क्यांनी आपटला. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाला पैसे मोजून गेलेल्यांनी डी दिली, आणि दुसऱ्या आठवड्यात गल्ल्यात ८० टक्क्यांहून मोठी घट झाली. व्हेनिसच्या महोत्सवातून महिनाभर आधी आलेल्या परीक्षणांत त्या चित्रपटाविषयी भरपूर नाराजी होती. ती ज्यांनी वाचली त्यांना निदान आपण कशाला चाललोय ते माहीत होतं. उलटीही उदाहरणं आहेत, ती लपवत नाही. २०१८च्या ‘व्हेनम’ला जेमतेम तीस टक्के समीक्षकांनी पसंती दिली आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. घेऊ देत. परीक्षण हे गल्ल्याचं भाकीत नसतं. लोकांना आवडेल का, हे सांगायला ज्योतिषी लागेल. चित्रपटात काय आहे, काय नाही आणि का, एवढं समीक्षकानं सांगितलं की त्याचं काम झालं.

तिसरा आक्षेप, अमेरिकेतल्या समीक्षकाला आमचं काय कळतं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात चाहत्यांना वाटतं त्याहून जास्त तथ्य आहे. सांगलीतला बराचसा प्रेक्षक हे चित्रपट हिंदीत बघतो. डबिंगमध्ये विनोद बदलतात, शिव्या जातात, गंभीर माणसाच्या तोंडी मुंबईची टपोरी भाषा येते. मूळ इंग्रजी संवादांची तारीफ किंवा निंदा या प्रेक्षकाच्या काही कामाची नाही. सेन्सॉरची कात्री वेगळीच. जुलै २०२५मध्ये ‘सुपरमॅन’ भारतात लागला तेव्हा चुंबनाच्या दृश्यातली ३३ सेकंदं उडवली होती. म्हणजे समीक्षकानं पाहिलेला आणि आपण पाहिलेला चित्रपट अक्षरशः एक नव्हता. मग पडदा. पडद्यावरचा उजेड फूट-लॅम्बर्ट या मापात मोजतात, आणि साध्या टूडी प्रक्षेपणाला तो १४ असावा असं प्रमाण आहे. थ्रीडीत चष्मा आणि ध्रुवीकरणाची काच यांत त्यातला बराचसा गिळला जातो, आणि चार-पाचावर आलेला चित्रपट कितीतरी थिएटरांत चालतो. त्यात प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असेल तर रात्रीच्या हाणामारीत कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, आणि बाहेर येऊन प्रेक्षक दिग्दर्शकाला शिव्या देतो. हे लॉस एंजेलिसमध्ये बसलेल्या समीक्षकाला कळणं शक्यच नाही. पण यातून निघतं काय? परीक्षणं नकोत, असं निघत नाही. आपली परीक्षणं हवीत, असं निघतं. ती लिहिणारी माणसं आपल्याकडे किती आहेत?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, चाहत्यांना पोरकट म्हणणाऱ्यांकडे. निदान सांगलीत बसून तरी त्यांनी हे म्हणू नये. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ इथे उभं केलं, आणि तो दिवस आपण आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या नाटकाचा कथाभाग काय? एक धनुष्य, जे कुणालाच उचलत नाही, आणि एक हिरो, जो ते मोडतो. कोण मोडणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत होतं. त्या परंपरेतले राक्षस आरोळ्या ठोकत, रंगमंच दणाणून सोडत, आणि पुढे लिखित नाटकांच्या शहाण्या कैवाऱ्यांनी त्याच आरोळ्यांवरून या खेळांना ‘अललडुर्र नाटकं’ म्हणून हिणवलं. आज त्याच अललडुर्रच्या नावानं आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. माहीत असलेली गोष्ट पुन्हा बघायला जाणारा प्रेक्षक बिनडोक नसतो. काय होणार ते त्याला ठाऊक असतं, म्हणून कसं होतं याच्यावर त्याची नजर जास्त बारीक असते. वीस-बावीस चित्रपट क्रमानं पाहिलेल्या पोराला एखाद्या पात्राच्या स्वभावाचा धागा कुठे तुटला ते जितकं नेमकं कळतं, तितकं हा प्रकारच न आवडणाऱ्या समीक्षकाला कळत नाही. हा अधिकार चाहत्याचा आहे. टक्क्यावरून भांडताना तो नेमका हाच अधिकार सोडून देतो, याची मला खंत वाटते.

आपल्याकडे चाहत्यांचे तट नवे नाहीत. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले, आणि दोघांवर जीव ओवाळणारे एका थिएटरात बसले. कुणाचं कोणतं पद सरस झालं हा वाद त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला. तो वाद पदांचा होता, ताना-आलापांचा होता, म्हणून तो अजून ऐकावासा वाटतो. ६३ की ५८, हा वाद पुढच्या शुक्रवारी तरी कुणाला आठवेल का?

राहिला प्रश्न बंदीचा. पहिले तीन दिवस परीक्षणंच नकोत अशी मागणी तमिळ निर्मात्यांच्या संघटनेनं डिसेंबर २०२४मध्ये मद्रास उच्च न्यायालयात नेली. न्यायालयानं तसा सरसकट हुकूम द्यायला नकार दिला. चाहत्यांतही ही मागणी करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतू वाईट नाही. पहिल्या तीन दिवसांतच गल्ल्याचं भवितव्य ठरतं, ते एका माणसाच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर का ठरावं, हे त्यांचं म्हणणं. पण तीन दिवस तोंड बंद ठेवलं की त्या तीन दिवसांत फसतो कोण? पहिल्या तीन दिवसांत जाणारा, म्हणजे पुन्हा चाहताच. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये इंग्रज सरकारनं बंदी घातली, तेव्हा नाटकात काय चूक आहे ते सरकारला सिद्ध करावं लागलं नाही, हुकूम पुरला. बोलणाऱ्याला गप्प करण्याची ही सोय नेहमी बलवानाच्या कामी येते, आणि स्टुडिओ व समीक्षक यांच्यात बलवान कोण हे वेगळं सांगायला हवं का? कथानकातलं गुपित फोडणाऱ्यांचा बंदोबस्त जरूर व्हावा. शेवट सांगून टाकणारा माणूस समीक्षक नव्हे, तो दुसऱ्याच्या ताटात हात घालतो. पण मत आणि गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सांगली-साताऱ्यातल्या ज्या पोरांना या चित्रपटांची अक्कल आहे त्यांनी अमेरिकेतल्या समीक्षकांशी भांडायचं सोडून स्वतः लिहावं. याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९२० साली कारखान्याची खबरबात देणारं एक पत्रक निघालं, आणि त्यातूनच पुढे महाराष्ट्र विकत घेऊन वाचत होता असं मासिक उभं राहिलं. आपल्या मालापलीकडचं, वाचणाऱ्याच्या उपयोगाचं लिहायला लागल्यावरच ते घडलं. पहिला शो सुटला की रात्री पाचशे शब्द पुरतात. गुपित फोडू नका. हिंदी डबिंग कसं आहे, कुठले विनोद मेले, ते लिहा. थ्रीडीचे जादा पैसे मोजावेत का, त्या थिएटरात पडदा अंधारा दिसतो का, मागच्या रांगेत संवाद ऐकू येतात का, ते लिहा. आधीचे कुठले भाग पाहिल्याशिवाय हा कळणार नाही, त्यांची नावं द्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला न्यावं का, ते सांगा, कारण आई-बापांना हे कुणीच सांगत नाही. काय आवडलं त्याचं एक दृश्य आणि काय फसलं त्याचं एक दृश्य नेमकं दाखवा, आणि तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं की कुणी दिलं तेही नमूद करा. नावांची यादी सुरू झाली की दिवे लावून दार उघडणारी थिएटरं आहेत. त्या यादीनंतर आणखी काही दाखवणार आहेत का, आणि त्यासाठी किती मिनिटं बसून राहावं लागेल, हेही लिहायला विसरू नका.